वंगण कमी हाय

माझ्या गाडीचे पुढचे ब्रेक ज्या गृहस्थांनी तीन वेळा दुरुस्त केले, त्यांना गाडी चालवता येत नव्हती. पण चाक या वस्तूबद्दल आपल्याइतकं जगात कुणालाच कळत नाही, अशी त्यांची खात्री होती. ते माझे घरमालक असल्यामुळे ती खात्री मला रोज ऐकून घ्यावी लागत होती.

मी शाळांचे गणवेश शिवून देते. सोलापुरात हा धंदा करणारे पुष्कळ आहेत, त्यात मीही एक. या काकांच्या घराचा खालचा मजला मी भाड्याने घेतला होता. दोन मोठ्या खोल्या, आठ मशिनी, कापायचं एक टेबल आणि मागे कापडाचे तागे. माल चढवायला दारापर्यंत टेम्पो येतो, बायकांना बसस्टॉप जवळ आणि विजेचं कनेक्शन मशिनींचा भार पेलणारं. अशी जागा शहरात सहज मिळत नाही. करार अकरा महिन्यांचा. दहा महिने मी काकांशी जेवढ्यास तेवढं बोलायची आणि अकराव्या महिन्यात गोड बोलायची. हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांचे सगळे मोठे पराक्रम अकराव्या महिन्यातच होत.

काकांची सगळी नोकरी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये झाली. तिथे ते नेमकं काय करत, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या बोलण्यावरून तिथलं सगळं तेच करत असावेत. निवृत्त झाल्यावर सोलापुरात घर बांधलं आणि वर्कशॉप डोक्यात घालून इथे राहायला आले. सकाळी सहाला उठायचे, खाकी पँट चढवायचे आणि हातात लहानशी हातोडी घेऊन घराला फेरी मारायचे. गेटवर टक, पाण्याच्या पाइपवर टक, जिन्याच्या कठड्यावर टक. प्रत्येक ठिकाणी कान लावायचे आणि निदान सांगायचे. निदान एकच होतं.

"वंगण कमी हाय."

गेट कुरकुरतंय, वंगण कमी हाय. नळ गळतोय, वंगण कमी हाय. त्यांच्या मेहुणीचा गुडघा दुखायला लागला तेव्हाही त्यांनी गंभीर चेहऱ्याने हेच सांगितलं होतं. त्यावर काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या होत्या, "मग घाला की तुमच्या डब्यातलं. चाळीस वर्सं माझ्या डोक्यात तेच घालताय."

तो डबा म्हणजे पत्र्याचा, तुपाचा जुना डबा. आत पिवळंधमक, घट्ट ग्रीस. काकांच्या लेखी सगळ्या विद्या त्या डब्यात होत्या. कुठल्या वस्तूला कुठलं तेल लागतं, पातळ की घट्ट, लोखंडाला की रबराला, असले प्रश्न त्यांना कधी पडले नाहीत. घासतंय ना? मग लाव.

एका रविवारी, मी कामावर नसताना, त्यांनी त्यांच्याकडच्या किल्लीने माझं दार उघडून आठही शिलाई मशिनींना हे ग्रीस लावलं. मदत म्हणून. सोमवारी सकाळी पांढऱ्या शर्टांचं काम होतं. पहिली बाई मशिनीवर बसली, तिने एक शिवण मारली, शर्ट वर धरून बघितला आणि मला हाक मारली.

"मॅडम, मशिनीचं लगीन ठरलंय का?"

"काय झालं?"

"हळद लावलीया."

मी सगळ्या मशिनी थांबवेपर्यंत बत्तीस शर्टांना हळद लागली होती. मी तो शर्ट घेऊन वर गेले. काका पेपर वाचत होते. शर्टाकडे त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"शर्ट धुतल्यावर निगतंय की. मशिन झिजली तर परत येत न्हाय."

तो करारातला अकरावा महिना होता. मी खाली आले आणि चार दिवस रॉकेलने मशिनी पुसत बसले. शर्टांचे डाग निघाले नाहीत.

गाडी मी दोन वर्षांपूर्वी घेतली. तालुक्याच्या शाळांत मापं घ्यायला जायचं, नमुने दाखवायचे, हे एसटीने होत नव्हतं. करमाळ्याच्या एका प्राध्यापकांनी दहा वर्षं वापरलेली छोटी गाडी मिळाली. इंजिन चांगलं, सीट फाटलेल्या. गाडी आवारात लागली त्याच दिवशी काका हातोडी घेऊन खाली आले आणि तिच्याभोवती तीन चकरा मारल्या. त्या दिवसापासून त्यांना नोकरीवर परत घेतल्यासारखं झालं.

मी निघायच्या आधी तपासणी व्हायची. चारही चाकांवर हातोडी, बॉनेटवर कान. मग ते गेटपाशी उभे राहायचे आणि खांद्यावरचा हिरवा पंचा हलवायचे. पंचा हलल्याशिवाय गेट उघडत नसे. एकदा मला शाळेत दहाला पोचायचं होतं आणि हे पंचा शोधायला वर गेले. मी हॉर्न वाजवला तर गॅलरीतून म्हणाले, "सिग्नल न्हाय अजून." गल्लीतली माणसं हसायची. त्यांना वाटायचं गंमत आहे. त्यांना त्या गेटातून रोज बाहेर पडायचं नव्हतं.

परत आल्यावरची तपासणी वेगळी. रेल्वेत गाडी स्टेशनात थांबली की डब्यांच्या चाकांच्या आसापाशी हात लावून बघतात, कुठे तापलंय का. काका तसा उलटा तळहात माझ्या चारही चाकांना लावायचे. मी पर्स काढते आहे, नमुन्यांचे गठ्ठे उचलते आहे आणि हे खाली वाकून चाकाचा ताप बघताहेत. "उलटा हात खोटं बोलत न्हाय," असं त्यांचं म्हणणं होतं. सुलट्या हाताने केलेल्या कामाबद्दल ते काही बोलत नसत.

मागच्या दिवाळीनंतर पुढच्या डाव्या चाकातून ब्रेक लावताना बारीक चीं असा आवाज यायला लागला. जुन्या गाडीत येतो तो. पॅड झिजत आले असतील, धूळ बसली असेल. गॅरेजमध्ये तासाभराचं काम. मी दुसऱ्या दिवशी नेणार होते. पण काकांनी आवाज आधी ऐकला होता.

"गॅरेज कशाला? वंगण कमी हाय."

इथे मी सांगून टाकते की मी त्यांना अडवलं नाही. मी मूर्ख नाही. शर्टांची हळद मी विसरले नव्हते. पण करार संपायला दोन महिने होते, शाळांच्या ऑर्डरींचा हंगाम तोंडावर होता आणि मागच्या खेपेला त्यांनी "पुढच्या वेळी बगू" असं मोघम म्हटलं होतं. आठ मशिनी आणि नऊ बायका घेऊन मी कुठे जाणार? एका चाकात थोडं ग्रीस लागलं तर लागू दे, असा विचार मी केला. त्याचा दोष काकांवर ढकलता येत नाही.

त्यांनी जॅक लावला, चाक काढलं, पिना बाहेर ओढल्या आणि त्यांना डब्यातलं पिवळं ग्रीस चोपडलं. पुढच्या चाकात एक लोखंडी तबकडी असते. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरतात. तो चिमटा दोन पिनांवर सरकतो आणि पिनांना रबराचं आवरण असतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. काकांना माहीत असायला हवं होतं, कारण रबर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

चीं आवाज थांबला. काका आठ दिवस गल्लीत सांगत हिंडले. नवव्या दिवशी मी वळसंगहून आले, त्यांनी उलटा हात लावला आणि ओरडले, "तापलंय! डावं तापलंय!"

खरोखरच तापलं होतं. त्यांचं श्रेय मी नाकारत नाही. रोग त्यांनी बरोबर ओळखला. फक्त तो आपणच दिला आहे, एवढं त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी परत चाक काढलं आणि आणखी ग्रीस घातलं. पंधरा दिवसांत चाक आणखी तापायला लागलं. गाडी मोकळ्या रस्त्यावर हात सैल सोडला की डावीकडे ओढायची. पेट्रोल जास्त लागत होतं आणि उतरल्यावर जळका वास यायचा. त्यांनी तिसऱ्यांदा ग्रीस घातलं.

"काका, गॅरेजमध्ये दाखवू या का एकदा?" मी विचारलं.

"त्या पोरांना काय कळतंय? पाना कुटं धरायचा ते म्हाईत न्हाय. बाई, तुमचा पाय ब्रेकवर राहतोय. बायकांचा राहतोय."

वीस वर्षं मी पायाने शिलाई मशिन चालवली आहे. पाय कधी दाबायचा आणि कधी सोडायचा हे मला ज्या माणसाने शिकवू नये, तो हा होता. करार संपायला तीन आठवडे होते.

त्याच आठवड्यात मला करमाळ्याच्या एका शाळेत जायचं होतं. काकूंचं माहेर करमाळ्याचं. तिथल्या कमलाभवानीला ओटी भरायची राहिली आहे असं त्या कितीतरी दिवस म्हणत होत्या. काकांनी परस्पर ठरवलं की दोघं माझ्याबरोबर येणार. काकू मागे, मांडीवर नारळाची पिशवी. काका माझ्या शेजारी आणि ग्रीसचा डबा डिक्कीत, वाटेत लागला तर.

मोहोळ सोडल्यावर वास यायला लागला. माढ्याच्या पुढे गाडी इतकी डावीकडे ओढायला लागली की स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवावं लागत होतं. काका म्हणाले, "रस्ता उतरता हाय." रस्ता सपाट होता. समोर उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टर अचानक थांबला, आणि मी ब्रेक दाबला.

पेडल खाली गेलं. नुसतं गेलं, कापसात पाय घालावा तसं. मी परत दाबलं, परत गेलं. मागच्या ट्रॉलीतून बाहेर आलेले उसाचे शेंडे काचेसमोर मोठे मोठे होत होते. मी गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या मुरमात घातली. ती घसरत, थरथरत, बाभळीच्या एका झुडपाला टेकून थांबली. काकूंचा नारळ पुढे येऊन माझ्या पायाशी पडला.

डाव्या चाकातून धूर निघत होता. काका उतरले, सवयीने वाकले आणि उलटा हात चाकाला लावला. लगेच किंचाळून काढला. बोटांवर फोड आले. हात झटकत ते डिक्कीकडे निघाले.

"कुठे?" मी विचारलं.

"डबा काढतो."

"डिक्कीला हात लावाल तर मी तुम्हाला इथेच सोडून जाईन."

ते थांबले. असं त्यांच्याशी मी कधी बोलले नव्हते. काकू गाडीतून म्हणाल्या, "बसा की आता गप."

अर्धा तास गाडी निवू दिली. पेडल थोडं वर आलं. मग दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून, बैलगाडीच्या वेगाने कुर्डुवाडीच्या वेशीवरचं पहिलं गॅरेज गाठलं. पत्र्याची शेड, एकटा मेकॅनिक, पन्नाशीचा, चष्मा दोरीने बांधलेला. काकांशी त्याची वर्कशॉपच्या दिवसांतली ओळख असावी, त्यांना बघून त्याने हातातलं काम खाली ठेवलं.

"या की मास्तर! लई दिसानं आमच्या गावात!"

काका एकदम ताठ झाले. त्यांच्यासाठी खुर्ची आली, चहा आला. काकू बाकावर बसल्या. मी मेकॅनिकजवळ उभी राहिले. त्याने चाक काढलं आणि पिन ओढायला गेला. पिन हलेना. पाना लावून, हातोडी मारून, दहा मिनिटांनी ती एकदाची निघाली. तिच्यावरचं रबर फुगून दुप्पट झालं होतं, भिजलेल्या भाकरीसारखं मऊ. तबकडी निळी पडली होती. पॅड जळून कोळसा.

"हे पिवळं ग्रीस कुण्या गाढवानं लावलं?" तो म्हणाला.

मी काकांकडे पाहिलं. काका बशीतला चहा फुंकत होते.

"सोलापुरात दिलती की एका गॅरेजात," काका म्हणाले.

"त्याला जेलात टाकायला पायजे. हितं रबर असतंय, हितं हे चालत न्हाय. रबर फुगलं की पिन जाम, पिन जाम की पॅड सुटत न्हाय. मग आतलं ऑइल उकळतंय आणि पेडल बसतंय खाली. तीन माणसं गेली असती आज."

"व्हय व्हय," काका मान हलवत म्हणाले. "आजकाल काम कुणाला येतंय?"

"नाव सांगा मास्तर त्या गॅरेजचं. मी फोन करतो. अजून कुणाचा तरी जीव घेईल त्यो."

काकांनी बशी खाली ठेवली, माझ्याकडे वळले आणि शांतपणे विचारलं, "काय हो बाई, कुटलं गॅरेज होतं ते?"

खोटं त्यांनी बोलायचं आणि त्याला नाव मी द्यायचं. डोळ्यांसमोर आठ मशिनी आल्या, तागे आले, दारापर्यंत येणारा टेम्पो आला. तीन आठवडे. एखादं नाव सांगितलं असतं तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. गाडी तर आता दुरुस्त होणारच होती. पण ती परत त्याच आवारात जाऊन उभी राहणार होती, त्याच माणसाच्या हाताखाली. आणि या माणसाला आजही, बोटांना फोड आल्यावरही, वंगण कमी पडलं असंच वाटत होतं.

"गॅरेज नव्हतं," मी म्हटलं. "हे समोर चहा पिताहेत ना, त्यांनीच लावलं. तीन वेळा."

मेकॅनिक माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघत राहिला. काकांनी हसायचा प्रयत्न केला.

"चेष्टा करत्यात बाई. आपण वर्कशॉपची माणसं, आपण कसं..."

"डबा डिक्कीत हाय," बाकावरून काकू म्हणाल्या. "आणू का?"

मेकॅनिक भला माणूस. खाली मान घालून तो जुनं ग्रीस पुसत राहिला आणि शेवटी हळूच एवढंच बोलला, "मास्तर, ते रेल्वेच्या आसाचं ग्रीस. ते तितं बरूबर हाय."

"गाडीतच खोट हाय," काका म्हणाले. "करमाळ्याची गाडी. तिकडची वस्तूच तसली."

"माझं माहेर करमाळ्याचं हाय," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणतो."

ते उठले, शर्ट खाली ओढला आणि म्हणाले की आपण रेल्वेने घरी जातो, या गाडीत पाऊल ठेवणार नाही. स्टेशनाकडे चालत गेले. काकूंना तसंच सोडून. काकूंनी त्यांच्या पाठीकडे बघितलं आणि मला विचारलं, "मंग, आपण जायचं का दर्शनाला?"

दोन्ही पुढच्या चाकांचं काम झालं. नवीन पिना, नवीन रबर, नवीन पॅड, तबकड्या बदलल्या, जुनं ऑइल काढून नवीन भरलं. मेकॅनिकने मला पेडलवर पाय ठेवायला लावला आणि ते कसं कडक लागतं हे दाखवलं. दुपारी आम्ही करमाळ्याला निघालो. काकू पुढे बसल्या. गाडी सरळ चालत होती, स्टिअरिंग दोन बोटांनी धरलं तरी.

बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "आता त्ये करार करत्यात का न्हाय, बगा बाई. लई डूख धरणारा माणूस हाय."

"बघू."

"माझ्या भावाशी अकरा वर्सं बोलले न्हाईत. टॉर्चच्या सेलवरनं."

पुढचे तीन आठवडे काका माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी हातोडी वाजायची, पण माझी गाडी आली की ती वगळून पुढच्या पाइपवर जायची. गेट मी स्वतः उघडायची, स्वतः लावायची. मी दोन जागा पाहून आले. एकीत विजेचा भार पुरत नव्हता, दुसरी तिसऱ्या मजल्यावर. बायकांना मी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं.

शेवटच्या दिवशी एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. म्हणजे करार होणार होता. पण काका समोरच्या खुर्चीत हाताची घडी घालून असे बसले होते की मला खात्री वाटेना. एजंट एकेक कलम वाचत गेला. भाडं, वीज, पाणी, रंगरंगोटी. सगळं मागच्यासारखं. मग तो अडखळला.

"काकांनी एक नवीन टाकायला सांगितलंय, मॅडम."

"वाच की," काका म्हणाले. तीन आठवड्यांनी माझ्यासमोर काढलेला त्यांचा पहिला शब्द.

"भाडेकरूने आपले वाहन घरमालकाच्या आवारात उभे करू नये. तसेच त्या वाहनाच्या देखभालीबाबत घरमालकाकडून कोणत्याही प्रकारच्या सेवेची अपेक्षा करू नये."

वाचून झाल्यावर एजंटने ओशाळून माझ्याकडे बघितलं. काका माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बसले होते. मी गयावया करेन, गाडी रस्त्यावर उन्हात कशी ठेवू म्हणेन, माफी मागेन, याची ते वाट बघत होते. ही शिक्षा त्यांनी तीन आठवडे बसून तयार केली असावी. या दोन वाक्यांसाठी मी दोन वर्षं शब्द शोधत होते आणि मला ते सापडले नव्हते.

मी चेहरा शक्य तेवढा पाडला आणि यंत्रावर अंगठा ठेवला. सुईने घासून गेलेला अंगठा, पहिल्यांदा उमटलाच नाही. मी तो पदराला पुसला आणि काकांचं मन बदलायच्या आत परत दाबून धरला.